झीज आणि पारख : जुन्या सुट्या भागांतून संगणकाची उभारणी

दुसरे महायुद्ध चालू असता कल्याणनजीक ब्रिटिश सरकारने जी विस्तीर्ण लष्करी छावणी वसविली होती, तिच्यातील दोन हजारांहून अधिक बराकी युद्धसमाप्तीनंतर रिकाम्या पडल्या. आणि देशाची फाळणी होऊन सिंध प्रांतातून निर्वासितांचे लोंढे मुंबई इलाख्यात येऊ लागले, तेव्हा सरकारने याच बराकींत त्यांच्या निवाऱ्याची तजवीज केली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसली व त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. परंतु नगराचे विभाग आजही कॅम्प नंबर एक ते पाच असेच ओळखले जातात आणि पुष्कळ घरांच्या पत्त्यांत बराकीचा क्रमांक लिहिण्याची वहिवाट कायम आहे. त्याच लोहमार्गावर पुढे अंबरनाथ येथे आयुधनिर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी हे सरकारी कारखाने उभे राहिले, औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती अंबरनाथ व बदलापूर या दोन्ही ठिकाणी आल्या, आणि फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन यांची वस्ती या पट्ट्यात वाढत गेली. सैनिकांनी मागे टाकलेल्या बराकींतून जेथे शहर उभे राहिले आणि जेथे हत्यार हाती धरणाऱ्या माणसांची वाण नाही, त्या मुलखात टाकून दिलेल्या सुट्या भागांतून संगणक उभा करण्याची विद्या रुजावी, हे स्वाभाविकच होय.

या विद्येची गरजही येथे खरी आहे. पहाटेच्या लोकलने मुंबईस जाऊन रात्री परतणाऱ्या नोकरदाराच्या घरी अभियांत्रिकीचा किंवा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असतो, घरच्या घरी हिशेबनिशी अथवा मजकूरजुळणी करून संसारास हातभार लावणारी गृहिणी असते, आणि नव्या संगणकाची किंमत एकरकमी मोजणे प्रत्येकाला झेपतेच असे नाही. सबब तो सेकंडहँड माल पाहू लागतो, आणि तेथे त्याला दोन परस्परविरुद्ध सल्ले मिळतात. कोणी म्हणतो, जुने ते सगळे बेभरवशाचे. कोणी म्हणतो, चालू आहे ना, मग घेऊन टाक. हे दोन्ही सल्ले सारखेच चुकीचे आहेत, कारण संगणकाचे सर्व भाग एकाच गतीने जुने होत नाहीत. काही भाग पंधरा वर्षांनंतरही जवळजवळ पहिल्या दिवसासारखे काम देतात, तर काही तिसऱ्या वर्षीच संशयास्पद होतात. कोणता भाग कशाने झिजतो हे ज्याला समजले, त्याला जुन्या बाजारात भिण्याचे कारण राहत नाही.

मुळात सुटे भाग जमवून संगणक जोडता येतो, याला एक ऐतिहासिक कारण आहे. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा वेळ वाचविण्यासाठी तिने बाजारात तयार मिळणारे भाग वापरले. प्रक्रियक म्हणजे प्रोसेसर इंटेलचा घेतला, आणि यंत्राच्या विद्युत्‌मंडलांचे आराखडेही पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. आरंभीची आज्ञावली, म्हणजे बायॉस, तेवढी कंपनीच्या मालकीची होती. ती नक्कल न करता नव्याने लिहून १९८२ साली कॉम्पॅक कंपनीने सुसंगत यंत्र जाहीर केले, आणि तेव्हापासून कोणत्याही उत्पादकाचा भाग दुसऱ्याच्या यंत्रात बसविण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे मानक ठरविले. या मानकाने मदरबोर्डची लांबीरुंदी ३०५ गुणिले २४४ मिलिमीटर ठरली, स्क्रूंची छिद्रे कोठे असावीत, वीजपुरवठ्याच्या जोडणीत कोणत्या तारेतून किती व्होल्ट यावेत, हेही ठरले. आज बदलापुरातल्या एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात वीस वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटमध्ये कालपरवाचा बोर्ड बिनचूक बसतो, तो या मानकाच्या पुण्याईने.

आपल्या महाराष्ट्रातही सुट्या भागांच्या सामर्थ्याचा एक थोर दाखला आहे. प्रगत महासंगणक भारतास देण्यात अमेरिकेने आडकाठी केल्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्यातील प्रक्रियक काही गुप्त शस्त्रागारातून आलेले नव्हते. ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे टी ८०० ट्रान्सप्युटर हे बाजारात विकत मिळणारे भाग होते. बुद्धी लागली ती त्यांची सांगड घालण्यास. घरगुती संगणक जोडणाराचे कार्य त्या मानाने अगदीच लहान असले, तरी तत्त्व एकच आहे: भाग कोणाचेही असोत, ते एकत्र नांदतील की नाही हे जाणणे हीच खरी विद्या.

आता हे भाग येतात कोठून, ते पाहू. ऐरोली, पवई, वांद्रे-कुर्ला संकुल येथील मोठ्या कचेऱ्या आपले संगणक बहुधा तीन ते पाच वर्षांच्या मुदतीने भाड्याने घेतात किंवा तितक्या काळाने बदलतात, आणि मुदत भरताच शेकडो यंत्रांचा एकेक लॉट लिलावाने बाहेर पडतो. ती यंत्रे व्यापाऱ्यांच्या हातून ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत आणि तेथून लहान गावांच्या दुकानांत पोचतात. त्यांतले अखंड चालू यंत्र वेगळे विकले जाते, आणि ज्याचा एखादा भाग निकामी आहे त्याचे उरलेले भाग काढून घेतात. त्याला बाजारात पुल-आउट माल म्हणतात. तिसरा झरा म्हणजे गल्लीत हातगाडी घेऊन फिरणारा भंगारवाला, जो बंद पडलेला ‘सीपीयू’ किलोच्या भावाने उचलतो; त्या लोखंडी डब्यात पुष्कळदा एकच भाग बिघडलेला आणि बाकीचे सर्व धडधाकट असतात. संगणक प्रशिक्षणाची वर्गकेंद्रे गावोगाव निघाली व कालांतराने त्यांनी यंत्रे बदलली, त्यांचाही माल याच वाटेने येतो.

या सर्व मालात सर्वांत निर्धोक वस्तू कोणती, तर प्रोसेसर. सिलिकॉनच्या त्या चकतीत हलणारे, घासणारे किंवा वाळणारे असे काही नाही. विद्युत्‌प्रवाहाने आतील सूक्ष्म तारांतले अणू हळूहळू सरकतात हे खरे, परंतु ठरवून दिलेल्या व्होल्टात व तापमानात ती क्रिया इतकी मंद चालते की यंत्र कालबाह्य होईपर्यंत तिचा उपद्रव बहुधा जाणवत नाही. अतिशय तापल्यास प्रोसेसर स्वतःच आपली गती कमी करतो व अखेरीस यंत्र बंद करतो, त्यामुळे पंख्यात धूळ साचून वर्षानुवर्षे तापलेला प्रोसेसरही बहुतेक वेळा शाबूत निघतो. येथे खातरजमा करावयाची ती खाचेची, म्हणजे सॉकेटची. इंटेलच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर ११५५ संपर्कबिंदूंच्या सॉकेटात बसतात, चौथ्या पिढीस ११५० लागतात. सहाव्यापासून पुढे ११५१ हा आकडा दिसतो खरा, पण आठव्या पिढीचा प्रोसेसर सहाव्या पिढीच्या बोर्डावर आकाराने बसूनही चालत नाही. तसेच दुसऱ्या पिढीच्या काळातील एच ६१ जातीच्या बोर्डावर तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर बसवावयाचा असेल, तर आधी बायॉस अद्ययावत केलेले असावे लागते. हा तपशील माहीत नसल्याने चांगला प्रोसेसर बंद समजून परत गेल्याची उदाहरणे बाजारात नेहमी घडतात.

दुसरी निर्धोक वस्तू म्हणजे रॅम, कारण तीही सिलिकॉनचीच. डीडीआर ३ प्रकारच्या पट्टीस २४० संपर्क असतात व ती १.५ व्होल्टांवर चालते. डीडीआर ४ पट्टीस २८८ संपर्क आणि १.२ व्होल्ट. दोहोंतील खाच वेगळ्या जागी असल्याने चुकीची पट्टी जोर केल्याशिवाय बसत नाही, आणि जोर करणे हाच गुन्हा समजावा. रॅम बिघडते त्यापेक्षा तिचे संपर्क मळतात, हे अधिक. आपल्याकडचा कारागीर पडदा काळा राहिला की प्रथम पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवतो, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच डिस्प्ले येतो. उपाय अचूक आहे, मात्र त्या सोन्याचा थर अत्यंत पातळ असतो. म्हणून रबर मऊ पांढरे घ्यावे, हलक्या हाताने एकदोनदाच फिरवावे व नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने कड पुसून घ्यावी. पट्टी विकत घेतल्यावर मेमटेस्ट ही मोफत चाचणी रात्रभर चालू ठेवावी. त्यात एकही चूक दिसली तर ती पट्टी विनाविलंब परत करावी, कारण रॅमचा दोष कधी फाईल बिघडवून, कधी यंत्र अकस्मात बंद पाडून, भलत्याच भागावर आळ आणतो.

मदरबोर्ड ही मात्र पारखून घेण्याची चीज आहे. तो हातात घेऊन प्रथम उजेडाकडे तिरपा धरावा आणि प्रोसेसरच्या सॉकेटातील हजारावर बारीक पिना भिंगाखाली पाहाव्यात. नीट असल्या तर त्यांच्या रांगांवर प्रकाश एकसारखा चमकत सरकतो. एखादी जरी वाकलेली असली, तर त्या जागी रांगेत खंड पडलेला लगेच दिसतो. त्यानंतर सॉकेटभोवतीची कॅपेसिटरची नळकांडी पाहावीत. जुन्या प्रकारच्या नळकांड्यात विद्युत्‌विलयन भरलेले असते आणि माथ्यावर फुलीसारखी खाच असते. आतील द्रव बिघडून वायू झाला की माथा फुगतो, खाच उघडते आणि तपकिरी पापुद्रा बाहेर येतो. १९९९ पासून पुढची काही वर्षे सदोष विलयनाचे कोट्यवधी कॅपेसिटर जगभर वापरले गेले व त्या काळचे असंख्य बोर्ड याच कारणाने बंद पडले. उत्तम कॅपेसिटरचाही नियम असा की तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते: १०५ अंशांवर २,००० तास टिकणारा कॅपेसिटर ६५ अंशांवर सुमारे ३२,००० तास टिकतो. म्हणून ज्या बोर्डावर माथ्यावर खाच नसलेले, घन पॉलिमरचे कॅपेसिटर आहेत, तो जुना असूनही अधिक विश्वासाचा.

या मुलखात घेणाऱ्याने आणखी दोन गोष्टी विशेष दक्षतेने पाहिल्या पाहिजेत. पहिली पुराची. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास व वालधुनी नद्यांचे पाणी या गावांत शिरले, आणि २०१९ च्या जुलैत तर बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्याने वेढली गेली. अशा वेळी भिजलेली यंत्रे वाळवून, पुसून पुन्हा बाजारात येतात. पुसलेला बोर्ड वरून लखलखीत दिसतो, परंतु रॅमच्या खाचांच्या तळाशी व स्क्रूंच्या छिद्रांभोवती बारीक वाळलेला गाळ राहतोच, कनेक्टरच्या लोखंडावर गंज असतो आणि चिपांच्या पायांशी पांढुरका थर जमलेला असतो. दुसरी गोष्ट हवेची. पावसाळ्याची ओल, सांडपाणी वाहणाऱ्या प्रवाहातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू आणि रसायनांच्या कारखान्यांचे धूर एकत्र आले की तांबे व चांदी काळी पडतात. युरोपात १ जुलै २००६ पासून शिशाच्या वापरावर निर्बंध आल्यानंतर काही बोर्डांवर चांदीचा पातळ मुलामा देण्यात येऊ लागला, आणि गंधकयुक्त हवेत नेमका तोच मुलामा पसरट काळा क्षार होऊन शेजारच्या तारांना जोडतो. म्हणून नाल्याकाठच्या किंवा औद्योगिक वसाहतीलगतच्या घरात कॅबिनेट खिडकीशी ठेवू नये, आणि महिनोन्‌महिने बंदही ठेवू नये. चालू यंत्राची ऊब ओल दूर ठेवते.

आता ज्या भागाबाबत काटकसर करू नये असे मी आग्रहपूर्वक सांगेन, तो वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला सर्वजण एसएमपीएस म्हणतात. त्यात विद्युत्‌विलयनाचे मोठे कॅपेसिटर असतात, ते सतत तापतात, धूळ ओढणारा पंखा असतो. म्हणजे झिजण्याची सर्व कारणे एके ठिकाणी नांदतात, आणि हा डबा बिघडला तर एकटा मरत नाही, बोर्ड व डिस्क यांनाही बरोबर नेतो. त्याच्या बाहेर ठळक अक्षरांत ४५० हा आकडा असला तरी त्यावर विसंबू नये. बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टांसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते वाचावे. तेथे १४ असतील, तर १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट एवढीच त्याची उपयुक्त शक्ती, कारण प्रोसेसर, पंखे व ग्राफिक कार्ड हे सर्व १२ व्होल्टांवरच चालतात. उलट तिसऱ्या पिढीचा कोअर आय ५–३४७० हा प्रोसेसर ७७ वॅट मर्यादेचा आहे. वेगळे ग्राफिक कार्ड नसेल तर असे यंत्र खऱ्या ३०० वॅटांच्या डब्यावर सुखाने चालते. मोठ्या खोट्या आकड्यापेक्षा लहान खरा आकडा केव्हाही श्रेष्ठ.

जुना डबा वापरणे भागच असेल तर त्याची परीक्षा अशी करावी. बोर्डापासून सर्व जोडण्या काढून, भार म्हणून एखादी टाकाऊ हार्ड डिस्क लावून, २४ पिनांच्या जोडणीतील हिरवी तार व कोणतीही काळी तार एका लहान वाकविलेल्या तारेने जोडावी. पंखा फिरू लागेल. मग मीटरने मोजावे. पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६, तांबड्या तारेवर ४.७५ ते ५.२५ आणि नारिंगी तारेवर ३.१३५ ते ३.४६५ व्होल्ट, म्हणजे दोन्ही बाजूंस पाच टक्के, ही मानकाची सीमा आहे. तिच्याबाहेर आकडा गेला की डबा बाद. मात्र डब्याचे झाकण उघडण्याच्या फंदात अनभ्यस्ताने पडू नये, कारण आतील मुख्य कॅपेसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टांचा भार असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकतो.

याच संदर्भात घराच्या अर्थिंगकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. जुन्या चाळी व इमारतींत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या पिनेस जमिनीची तार जोडलेलीच नसते. अशा ठिकाणी कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात आणि लोक बोर्डात करंट उतरला असे समजून दुकानात धावतात. वस्तुतः डब्याच्या आरंभीच्या गाळणीत फेज व न्यूट्रल यांपासून कॅबिनेटकडे एकेक लहान कॅपेसिटर असतो. अर्थिंग नसले की लोखंड त्या दोहोंच्या मधोमध, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टांवर तरंगते. हा प्रवाह अत्यल्प असतो, परंतु उद्या खरोखरच आत तार सुटून लोखंडास लागली तर वाचविणारे अर्थिंगच तेथे नाही, ही गोष्ट गंभीर आहे. म्हणून संगणक जोडण्यापूर्वी परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. संगणकाआधी माणसाच्या जिवाचा विचार झाला पाहिजे.

साठवणुकीच्या भागात जुनेपणाचा मोह सर्वस्वी टाळावा. हार्ड डिस्कमधील तबकड्या मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. ती उघडउघड झिजणारी यंत्रणा आहे. ती स्वतःची नोंदवही मात्र प्रामाणिकपणे ठेवते: स्मार्ट नावाच्या या नोंदीत किती तास चालली, किती खराब जागा बाजूस काढून बदलल्या आणि किती जागा संशयित आहेत, हे मोफत आज्ञावलीने वाचता येते. शेवटच्या दोन आकड्यांपैकी एक जरी शून्याच्या वर असला, तर त्या डिस्कवर एकुलता दस्तऐवज ठेवू नये. नव्या एसएसडीचे महत्त्व याहून वेगळे आहे. विखुरलेली माहिती हार्ड डिस्क सेकंदास शंभराच्या आसपास ठिकाणांहून वाचते, तर साधी साटा एसएसडी हजारो ठिकाणांहून. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरला नव्या एसएसडीची जोड मिळाली की ते यंत्र म्हातारे वाटेनासे होते. जुन्या प्रोसेसरवर वाचविलेले पैसे या एका नव्या भागावर खर्च करणे, यासारखा किफायतशीर व्यवहार या क्षेत्रात दुसरा नाही.

नामांकित कंपन्यांची कचेरीतून निघालेली अखंड यंत्रे घेताना एक अडचण ध्यानात असू द्यावी. त्यांची बांधणी उत्कृष्ट असते, पण काही कंपन्यांनी २०१३ च्या सुमारास प्रमाणित २४ पिनांच्या जोडणीऐवजी स्वतःच्या सहा, आठ किंवा चौदा पिनांच्या जोडण्या योजिल्या. असा डबा बिघडला की बाजारातला सामान्य डबा जोडतारेवाचून लागत नाही, आणि त्या बोर्डाचा आकारही दुसऱ्या कॅबिनेटात बसत नाही. म्हणून असे यंत्र घ्यावयाचे तर अखंडच घ्यावे. सुटा बोर्ड घ्यावयाचा तर प्रमाणित मापाचाच घ्यावा.

भाग जमले म्हणजे ते लगेच कॅबिनेटात कोंबू नयेत. बोर्ड कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवून त्यावर प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी व वीजपुरवठा एवढेच जोडावे, पडदा लावावा आणि चालू करून बायॉसचे पान दिसते का ते पाहावे. हात लावण्यापूर्वी अर्थिंग असलेल्या धातूस स्पर्श करून अंगातील स्थिर विद्युत्‌भार उतरवावा. हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत याची गरज पावसाळ्याहून अधिक. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पूर्ण पुसून, तांदळाच्या दाण्याएवढी नवी पेस्ट मध्यभागी ठेवली की पुरे. सीआर २०३२ हा तीन व्होल्टांचा बटणसेल जुना बोर्ड घेतल्याबरोबर बदलावा, कारण तो मेला की घड्याळ मागच्या सालात जाते, आणि तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळे प्रमाणपत्र नाकारून उघडेनाशी होतात. दोष इंटरनेटचा नसून दहावीस रुपयांच्या सेलचा असतो. एकेक भाग वाढवीत जाऊन प्रत्येक पायरीवर यंत्र चालवून पाहिले, तर बिघाड कोणत्या भागाचा हे आपोआप उघड होते.

आज्ञावलींच्या बाबतीत सध्याचा काळ जुन्या यंत्रांच्या खरेदीदारास विलक्षण अनुकूल आहे. विंडोज १० ला मिळणारे मोफत सुरक्षा-साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वसाधारणपणे संपले, आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक व इंटेलचा बहुतांशी आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आवश्यक ठरविण्यात आला. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची उत्तम यंत्रे कचेऱ्यांतून मोठ्या संख्येने बाहेर पडत आहेत. त्यांत यांत्रिक दोष काहीच नाही. उबुंटू, लिनक्स मिंट, किंवा आपल्या सी-डॅकनेच सिद्ध केलेली बॉस ही लिनक्स प्रणाली त्यांवर विनामूल्य चालते, युनिकोड मराठी इनस्क्रिप्ट कळफलकाने लिहिता येते, आणि लेखन, हिशेब, प्रोग्रॅमिंगचा अभ्यास, ऑनलाइन व्याख्याने ही विद्यार्थ्याची सर्व कामे होतात. ज्याला विशिष्ट विंडोज आज्ञावलीवाचून गत्यंतर नाही, त्याने मात्र आठव्या पिढीच्या खाली उतरू नये. आणि कितीही स्वस्त मिळाला तरी पेंटियम ४ च्या काळातला संगणक रोजच्या कामास घेऊ नये. त्याची वीज अधिक जळते व काम थोडे होते.

व्यवहाराचीही शिस्त आहे. बाजारात ‘टेस्टिंग वॉरंटी’ म्हणजे घरी नेऊन तपासून पाहण्याची काही दिवसांची मुभा. ती किती दिवसांची, हे पावतीवर लिहून घ्यावे. पावती दुसऱ्या कारणासाठीही हवी: चोरीचा माल जाणूनबुजून घेणे पूर्वीच्या दंड संहितेतील ४११ व्या कलमाप्रमाणे गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तो गुन्हाच आहे. जुन्या डिस्कवर आधीच्या मालकाची छायाचित्रे वा बँकेची कागदपत्रे आढळली, तर ती न पाहता संपूर्ण डिस्कवर नव्याने लेखन करून पुसून टाकणे, ही सज्जनाची रीत आहे.

या सर्व उपद्व्यापाचे मोल केवळ घरखर्चापुरते नाही. संयुक्त राष्ट्र विद्यापीठाने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जुन्या काचनळीच्या पडद्यासह एक संगणक तयार करण्यास किमान २४० किलो जीवाश्म इंधन, २२ किलो रसायने व १,५०० किलो पाणी लागते, असा हिशेब मांडला होता. म्हणजे दुकानात ठेवलेल्या नव्या यंत्राने, पहिले बटण दाबण्याआधीच, पृथ्वीकडून आपल्या वजनाच्या कित्येक पट घेतलेले असते. आणि शेवटी काय होते? २०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला व त्यातील जेमतेम २२ टक्क्यांचीच रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. उरलेल्यातील बराच भाग अशा ठिकाणी जातो, जेथे तारा जाळून तांबे काढतात आणि बोर्ड आम्लात बुडवून सोने काढतात; तो धूर श्वासात जातो व ते आम्ल नाल्यात. वालधुनीसारख्या नदीची दुर्दशा ज्यांनी डोळ्यांनी पाहिली, त्यांना याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादक, नूतनीकरण करणारे व पुनर्प्रक्रिया करणारे यांना नोंदणीचे बंधन घातले आहे. परंतु कचरा होण्यापूर्वीच जो भाग वापरात राहिला, त्याला कोणत्याही नियमाची गरज पडत नाही.

म्हणून दोघांना दोन विनंत्या. ज्यांच्या घरी, सोसायटीच्या कचेरीत, शाळेत किंवा क्लासमध्ये बंद संगणक पडून आहे, त्यांनी तो किलोवर देण्यापूर्वी आपली डिस्क पुसावी व जवळच्या शाळेस, वाचनालयास किंवा जाणत्या कारागिरास विचारावे. जे खरोखरच मेले असेल तेवढेच नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे पाठवावे. आणि ज्यांना संगणक हवा आहे, विशेषतः अंबरनाथच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत व या पट्ट्यातील महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींनी, निदान एक यंत्र तरी स्वतःच्या हाताने जोडावे. प्रोसेसर व रॅम निःशंक जुनी घ्यावी, बोर्ड भिंगाखाली पाहून घ्यावा, वीजपुरवठा व एसएसडी नवी घ्यावी, आणि मीटरने मोजल्याखेरीज कोणाच्याही शब्दावर पैसे मोजू नयेत.